विहिरीचे दोन गुंठे

कारखान्याला हातात धरायची चाळीस जीपीएस यंत्रं घ्यायची होती. त्यातलं कोणतं घ्यावं हे तपासून अहवाल द्यायचं काम शेतकी विभागातल्या सगळ्यात नव्या माणसाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं.

मी निकिता. फिजिक्सची एम.एस्सी. गाव बेलापूर, नोकरी श्रीगोंदा तालुक्यातल्या एका खाजगी साखर कारखान्यात, सहा महिन्यांच्या करारावर. तोवर उसाची नोंद मोबाईलच्या ॲपवर व्हायची. आमचा माणूस शेताच्या कडेने एक फेरी मारायचा आणि ॲप क्षेत्र सांगायचं. पण एकच शेत सकाळी साडेतीन एकर भरायचं आणि दुपारी चार. नोंदीवरून तोडीचा क्रम लागतो, त्यामुळे दर हंगामात भांडणं गेटपर्यंत यायची.

नगरच्या एका दुकानदाराने नमुन्याला तीन यंत्रं दिली. त्यांच्यावर मी अ, ब, क अशा चिठ्ठ्या चिकटवल्या, म्हणजे नावं बघून मत बनायला नको. पहिले तीन दिवस कारखान्याच्या आवारातल्या एका पक्क्या खुणेवर त्यांना ठेवून नोंदी घेतल्या. अ साधं, बटणांचं, मोठ्या अक्षरांचं. चूक चार मीटरच्या आसपास. ब टचस्क्रीनचं, दिसायला देखणं, आतच बॅटरी असलेलं. चूक तीन मीटर, पण घामाचं बोट त्याला कळायचं नाही. क जाडजूड, वर बोटभर अँटेना. त्याची चूक दीड मीटर. दोष एकच, सेल फार खायचं.

"मला ईचारलं तर हे घ्या," बिभीषणमामा अ उचलून म्हणाले. "चष्म्याबिगर दिसतंय."

बिभीषणमामा सत्तावीस वर्षं कारखान्यात ओव्हरसियर होते. बांधावर उभं राहून, डोळे बारीक करून ते क्षेत्र सांगायचे. मी गुपचूप बारा शेतं पडताळली होती. त्यांची चूक चार टक्के निघाली, ॲपपेक्षा कमी. ते त्यांना सांगितलं, तेव्हा कपाळावर बोट मारून म्हणाले, "याला सेल लागत न्हाईत, मॅडम."

आवारातली परीक्षा खरी नव्हती. उसाच्या पानांत पाणी असतं, त्यातून येताना उपग्रहाचा संदेश अशक्त होतो. म्हणून पंधरा महिन्यांचा, डोक्यावर सहा-सात फूट गेलेला आडसाली ऊस निवडला. घोड धरणाच्या कालव्याजवळचं आबासाहेबांचं शेत. ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा होता आणि ऊन चढलेलं होतं.

मी प्लायच्या एका फळीवर तिन्ही यंत्रं वीतवीत अंतरावर रबराने बांधली होती, म्हणजे तिघांना सारखंच आकाश मिळेल. फळी दोरीने गळ्यात अडकवली.

"आईसफ्रूटवाली दिसतीया पोरगी," आबासाहेब म्हणाले. सत्तरीचे, अंगाने वाळके, हातात काठी. बिभीषणमामा पोट धरून हसले.

कडेची फेरी व्यवस्थित झाली. अ, ब, क: एक हेक्टर अठ्ठावन्न आर, साठ आर, एकोणसाठ आर. तिघांत फरक एक टक्क्याच्या आसपास. मी वहीत लिहिलं.

"त्यातनं हिरीचं दोन गुंठं वजा करा," आबासाहेब म्हणाले. "मधी जुनी हीर हाय. तिथं ऊस न्हाई."

हा नेहमीचा प्रकार. विहीर, घर, झाडाखालची पड यांचं क्षेत्र शेतकरी सांगतो आणि आमचा माणूस तेवढं वजा लिहून घेतो. मोजायला आत कोणी जात नाही. उसाची पानं करवतीसारखी कापतात, आणि अलीकडे बिबट्याचीही भीती असते.

"दोन गुंठे कोणी मोजले?" मी विचारलं.

"मोजायचं काय त्यात? माझ्या बापानं सांगितलं दोन गुंठं. त्याला त्याच्या बापानं."

"पण कोणी मोजले नाहीत ना?"

आबासाहेबांनी बिभीषणमामांकडे पाहिलं. मामांनी चप्पल झटकली.

"मॅडम, लिवून टाका की," मामा म्हणाले. "आजवर मीबी दोनच लिवत आलोय."

"मामा, बाहेरची हद्द दीड मीटरच्या चुकीने मोजायची आणि आतला आकडा ऐकीव घालायचा, मग यंत्र कशाला घ्यायचं?"

आबासाहेब म्हणाले, "मग जा बापडे. पर एकच फेरी मार." मग ते चहा सांगतो म्हणून वस्तीकडे निघून गेले.

मी ओढणी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळली, बाह्या खाली केल्या. शेत पूर्व-पश्चिम एकशे साठ मीटर लांब होतं आणि सऱ्या त्याच दिशेने होत्या. पूर्वेच्या बांधावरून कोपऱ्यापासून मोजत मी चौतिसावी सरी धरली.

"सरी सोडू नका," मामा म्हणाले. "सरी धरली की बांध येतोच. सरी काय कुठं पळत न्हाई. मी हाका मारतो, तुमी ओ द्या. जनावराला मानसाचा आवाज कळला पायजे."

आत शिरल्यावर दहा पावलांत बांध दिसेनासा झाला. दोन्ही बाजूंनी ऊस, वर पानांची गच्च जाळी, खाली गुडघ्याएवढं वाळलेलं पाचट. पाय टाकला की करकर आवाज व्हायचा. हवा ओली आणि गोडसर होती. घाम डोळ्यांत येत होता. दर थोड्या वेळाने "मॅडम!" अशी हाक यायची आणि मी "ओ!" म्हणायचे. माझं एक पाऊल सरासरी सत्तर सेंटिमीटरचं. एकशे पंधरा पावलांवर, म्हणजे ऐंशी मीटरवर, ऊस संपला.

विहीर गोल, काळ्या दगडाची, कठडा नसलेली. तिच्याभोवती मोकळं गवत आणि त्याच्या बाहेर उसाची भिंत. मोट नाही, मोटार नाही, पाइपचा तुकडाही नाही. मी वाकून पाहिलं. पाणी दिसलं नाही, तळही दिसला नाही. खडा टाकायची इच्छा झाली नाही, एवढं आठवतं.

उसाच्या कडेला लागून, ऊस डाव्या हाताला ठेवून मी फेरी मारली. बहात्तर पावलं. अ: दोन गुंठे. ब: दोन पूर्णांक एक. क: दोन. आबासाहेबांचे आजोबा बरोबर होते.

इथे मी परत फिरायला हवं होतं. पण एका वाचनावर निष्कर्ष काढायचा नाही हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. किमान तीन घ्यायची, सरासरी काढायची.

दुसरी फेरी ब्याऐंशी पावलांची झाली. अ: दोन पूर्णांक सहा. ब: दोन पूर्णांक सहा. क: दोन पूर्णांक सहा.

मी थांबले. यंत्रं चुकतात, पण प्रत्येक आपापली चूक करतं. तीन वेगळी यंत्रं एकाच वेळी सारखीच चुकत नाहीत. आणि पावलं मी स्वतः मोजली होती.

तिसरी फेरी चौऱ्याण्णव पावलांची. तिन्ही पडद्यांवर तीन पूर्णांक चार गुंठे.

ऊस मागे सरकलेला दिसत नव्हता. कुठे मुळं उखडलेली नव्हती, कांड्या तशाच उभ्या होत्या. फक्त विहीर आधी होती त्यापेक्षा लांब वाटत होती.

तेव्हा लक्षात आलं, की मामांची हाक बऱ्याच वेळात आली नव्हती. पाखरांचा आवाज नव्हता. कालव्यावर चाललेल्या ट्रॅक्टरची गाणी येताना ऐकू येत होती, तीही नव्हती. वाऱ्याने वरची पानं हलत होती, पण त्यांची सळसळ ऐकू येत नव्हती.

मी आले ती सरी धरली आणि पूर्वेकडे चालायला लागले. मोठ्याने पावलं मोजत होते.

एकशे पंधराला ऊस होता. एकशे तीसला ऊस होता. पाऊल लहान पडत असेल म्हणून मी दीडशेपर्यंत गेले. दोनशेला थांबले. दोनशे पावलं म्हणजे एकशे चाळीस मीटर. विहिरीपासून शेत कोणत्याही दिशेला एवढं लांब नव्हतं. सरी पुढे सरळ गेलेली दिसत होती, दोरी धरून पाडल्यासारखी.

"मॅडम!" समोरून हाक आली. अगदी जवळून.

"ओ! मामा!"

मी पळाले. पाचटात दोनदा पडले. फळी छातीवर आपटत होती. चारशे पावलं झाली. "मॅडम, इकडं! बांध हितंच हाय!" आवाज तेवढ्याच अंतरावर होता, जवळ येत नव्हता आणि लांबही जात नव्हता.

मग मी यंत्रांकडे पाहिलं. आधी का पाहिलं नाही हे मला आजही सांगता येत नाही. तोवर तिघं एकमेकांना धरून चालली होती. आता तिघं तीन गोष्टी सांगत होती.

अ सांगत होतं, की बांध समोर चार मीटरवर आहे. मी चार मीटर चालले. अ म्हणालं, चार मीटर.

ब सांगत होतं, की मी बाहेर आहे. बांधाच्या पलीकडे, जिथे मामा थांबले होते त्या जागेवर, स्थिर उभी आहे.

क सांगत होतं, की मी विहिरीपाशी आहे. पडद्यावर माझ्या मार्गाची रेघ जाड झाली होती. मी मोठं करून पाहिलं. ती एक रेघ नव्हती, एकात एक सात वर्तुळं होती. तीन मी मारलेली. बाकीची चार म्हणजे हीच, सरळ सरीतून मोजून चाललेली पावलं. प्रत्येक वर्तुळ आधीच्यापेक्षा थोडं मोठं.

पाचटात बसून मी विचार केला. आयुष्यात इतका नीट विचार मी परीक्षेतसुद्धा केला नसेल. अ आणि ब मला जे हवं होतं तेच सांगत होती. क सांगत होतं ते मला नको होतं. आणि आवारात सगळ्यात कमी चुकलेलं तेच होतं.

क खरं असेल, तर माझे डोळे खोटे होते. सरी सरळ नव्हती. मी जितकी चालेन तितकी वर्तुळं वाढत जाणार आणि बांध कधीच येणार नाही.

त्या यंत्रात मागे फिरायची सोय असते. आलेला मार्ग ते उलटा दाखवतं आणि बाण धरून आपण जसे आलो तसे परत जातो. मी ते बटण दाबलं. बाण उमटला. तो समोरच्या मोकळ्या सरीकडे नव्हता. उलट तोंड करून, कडेच्या उसाकडे होता.

त्याखाली ओळ आली: सेल संपत आले आहेत.

जास्तीचे सेल बांधावर पिशवीत होते. ब ची बॅटरी निघत नाही. राहिलं अ. त्याचे दोन सेल काढून क मध्ये घालायचे, तर समोर चार मीटरवर बांध आहे असं सांगणारं यंत्र मला माझ्या हाताने बंद करावं लागणार होतं.

"मॅडम, हितंच हाय मी!" समोरून आवाज आला. "चार पावलं या फकस्त!"

मी अ चं झाकण उघडलं. सेल काढले. हात इतका घामट होता की एक पाचटात पडला आणि तो सापडेपर्यंत मी श्वास घेतला नसेल. क पुन्हा सुरू व्हायला एक मिनिट लागलं. ते मिनिटभर आवाज बंद होता.

बाण तिथेच होता. मी हाकेकडे पाठ केली आणि उसात शिरले.

वाट नव्हती. कांड्या हाताने बाजूला करत, खांदा घालत मी जात होते. पानांनी कपाळ कापलं, मनगटं कापली. डोळे पडद्यावरच ठेवले होते. बाण हळूहळू वळत होता आणि मी त्याच्याबरोबर वळत होते. सातवं वर्तुळ पुसलं गेलं. सहावं. मागून मामा हाका मारत होते. आधी प्रेमाने. मग काकुळतीने. मग नुसता आवाज, शब्द नसलेला.

पाचव्या वर्तुळात मला शेजारच्या सरीतून पावलं ऐकू आली.

पाचटाची करकर. कोणीतरी माझ्या विरुद्ध दिशेने चालत येत होतं. घाई नव्हती.

"मामा?" मी विचारलं.

"चारशे एकवीस," उत्तर आलं. "चारशे बावीस. चारशे तेवीस."

आवाज बाईचा होता. थकलेला, पण प्रत्येक आकडा स्पष्ट.

आवाज माझा होता.

ती माझ्या शेजारून, दीड हातावरून गेली. पानं हलली. ओढणीचा रंग दिसला.

मी ओ दिली नाही.

चौथं वर्तुळ. तिसरं, चौऱ्याण्णव पावलं. दुसरं, ब्याऐंशी. पहिलं, बहात्तर.

मग सरी. एकशे पंधरा पावलं मी मनातल्या मनात मोजली. तोंडाने मोजायचा धीर नव्हता.

एकशे पंधराव्या पावलाला ऊन अंगावर आलं.

बिभीषणमामा बांधावर बसून तंबाखू मळत होते. मला बघून ते उठले नाहीत. जरा नाराज दिसले.

"आता झालं का मनासारखं?" ते म्हणाले. मग माझं कपाळ बघून चटकन उठले. "अगं बया! हे काय केलंत? मघा आला तवा तर काईच न्हवतं."

"मघा?"

"मघा आलाच हुता की. हितं उभ्या ऱ्हायला. मी म्हनलं पानी प्या, तर बोलंना. उसाकडं बघत हुत्या नुसत्या. म्हनलं आकडा इसरला आसल. मग गेला परत आत."

"मामा, तुम्ही मला हाका मारत होता ना?"

"सुरवातीला दोन-तीन मारल्या. तुमी आल्यावर मी कशाला हाका मारू?"

आबासाहेब चहाची किटली घेऊन आले. माझ्या कपाळाकडे त्यांनी एकदा पाहिलं. कप हातात देताना एवढंच म्हणाले, "किती भरली?"

"दोन गुंठे," मी म्हटलं आणि वहीत तसं लिहिलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे आकडे खोडले. खोडताना मामा बघत होते. परत येताना मोटरसायकल त्यांनी नेहमीपेक्षा जोरात चालवली.

अहवालात मी क ची शिफारस केली. कारण लिहिलं: दाट पिकात अचूकता, आणि मागे फिरण्याच्या सोयीची विश्वासार्हता. साहेबांनी अहवाल वाचून विचारलं, की एवढे सेल खाणारं यंत्र खरंच हवं का. मी हो म्हटलं. चाळीस यंत्रं आली आणि माझा करार वाढला. सगळ्यांना वापर शिकवताना मी एक नियम सांगते: आतली विहीर मोजायला जायचं नाही, शेतकरी सांगेल ते वजा करायचं. नवी पोरं म्हणतात, मॅडम, हे काही शास्त्रीय नाही. बिभीषणमामा त्यांना गप्प करतात.

कधीकधी ऑफिसात काम करता करता मी थांबते आणि माझ्या हाताकडे बघते. हात माझाच असतो. मग पुढचं काम करते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आबासाहेबांच्या उसाला तोड आली. मी पहाटेच उठले. जायची गरज नव्हती, पण ऊस पडल्यावर ती जागा कशी दिसते हे पाहिल्याशिवाय मला राहवणार नव्हतं. उघड्या रानात कोणी हरवत नाही, असं स्वतःला सांगत गेले. थंडी कडक होती. उजाडलं होतं, पण ऊन आलं नव्हतं.

टोळीने आदल्या दिवशी पूर्वेकडचा ऊस पाडला होता. आता विहिरीच्या कडेचा शेवटचा पट्टा चालू होता. लंकाबाई नावाची एक बाई पुढे होती. पाटोद्याकडची, कमरेला पदर खोचलेला, कोयता चालवता चालवता बोलणारी. मला बघून ती थांबली.

"ताई, तुमी कारखान्याच्या ना? मग ही वाट कुणाची, ते सांगा."

"कुठली वाट?"

तिने कोयत्याने दाखवलं.

विहिरीभोवती, ऊस पाडलेल्या रानात, एक पायवाट होती. वीतभर रुंद, आजूबाजूच्या मातीपेक्षा चार बोटं खोल गेलेली, घट्ट. तिच्यावरच्या पाचटाचा भुगा झाला होता. अशी वाट पडायला वर्षं लागतात.

"लई नवल आहे," लंकाबाई म्हणाली. "वाट म्हणल्यावर कुठून तरी यावं, कुठं तरी जावं. ही नुस्तीच गोल. हिला फाटाच नाही बघा."

मी वाटेच्या कडेला गेले, वाटेवर पाय न देता. कडेला मऊ मातीत बुटांचे ठसे होते. सगळे एकाच दिशेने गेलेले, ऊस डाव्या हाताला ठेवून. पाच नंबरचे असावेत. माझा बूट शेजारी लावून बघायची गरज नव्हती.

"ताई, चहा घेता?"

मी हो म्हटलं, पण हलले नाही. रात्रभर दव पडलं होतं. पाडलेल्या उसावर, पाचटावर, विहिरीच्या दगडावर, गवताच्या प्रत्येक पात्यावर ते पांढरं साचलं होतं.

वाटेवर नव्हतं.